काजळाखालचा चांद

६ जानेवारी १९९७, कामरेज

झालं! मोतीण घोडी व्याली. शिंगरू मादी आहे. अंग तांबडं, पाय म्हणजे नुसत्या काड्या, आणि कपाळावर मधोमध पांढरा चांद. उठलं, पडलं, परत उठलं. शेवटी थान सापडलं एकदाचं आणि चीक प्यालं. मी गवतात बसून वेड्यासारखा हसत होतो.

शेठचा फोन आला, "गजुभाई, आजपासूनच हात लावा. बुजरं जनावर नको मला."

७ जानेवारी

हात लावायचा म्हणजे झोंबाझोंबी नाही. आपण खाली बसायचं. उभ्या माणसाला ते भितं. मग आपण होऊन हुंगायला येतं. मानेवरून, पाठीवरून, कानामागून हात फिरवायचा. ते दचकलं तरी हात काढायचा नाही आणि जोरही करायचा नाही, नुसता राहू द्यायचा. उसासा टाकून सैल झालं की मगच काढायचा. पायसुद्धा असेच उचलायचे, खुरांवर बोटांनी टिचक्या मारायच्या, म्हणजे पुढे नालबंदाला त्रास नाही.

आज तीन पाय गुमान दिले. चौथ्याला लाथ! मांडी काळीनिळी झालीय.

८ जानेवारी

आई आली सुरतेच्या पांडेसऱ्याहून. मामाकडे पाहुणे झालेत फार, म्हणून आठ-दहा दिवस इथे. कळण्याचं पीठ आणि ठेचा घेऊन आली. आनंद व्हायला हवा होता. मी आधी इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना.

कारण इथे मी पटेल आहे! नोकरीला आलो तेव्हा "गजेंद्र पाटील" म्हणालो, शेठने पटेल ऐकलं. "कयुं गाम?" म्हटलं, सुरत. ते काही खोटं नव्हतं. पण पटेलाचं पाटीलही केलं नाही. आता शेठ चार माणसांत "आपणो पटेल छोकरो" म्हणतात आणि मी नंदीबैलासारखी मान हलवतो. आणि आईचं नऊवारी लुगडं, कपाळभर कुंकू, तोंड उघडलं की अहिराणी!

तिला म्हटलं, खोलीतच राहा, घोडी लाथ मारते. लबाड कुठला मी.

१० जानेवारी

खोलीत राहील ती कसली! दुपारी बघतो तर आई गवतात पाय पसरून बसलेली आणि शिंगरू तिचा पदर चघळतंय. "कितलं गुनी शे रे मनं लेकरू!"

ओरडलो तिच्यावर. तेही हळू, कोणी अहिराणी ऐकेल म्हणून. ती पदर सोडवून उठली. शिंगरू तिच्यामागे दारापर्यंत गेलं.

खरं तर एकटा असलो की मीही शिंगराशी अहिराणीतच बोलतो. कोणी आलं की लगेच गुजराती.

१३ जानेवारी

उद्या उत्तरायण. शेठ पाहुणे आणणार. पतंग, उंधियू आणि शिंगराचं कौतुक. चांदाबद्दल सगळ्यांना सांगून बसलेत. नीट पार पडलं तर सगळा तबेला माझ्या हाताखाली, म्हणाले. शिंगरू पतंगाला बुजू नये म्हणून दिवसभर त्याच्यापुढे कागद फडफडवतोय.

१४ जानेवारी

लिहवत नाही.

१५ जानेवारी

लिहितोच.

पाहुणे कुंपणाशी जमले. "चांदो जुओ, चांदो!" शेठ सगळ्यांना बोट करून दाखवत होते. मी शिंगरू अंधारातून बाहेर आणलं, तर कपाळ काळंकुट्ट! एवढी माणसं बघणार, लेकराला दृष्ट लागेल, म्हणून आईने तीट लावलेली. तीही चांदावरच, छान चोपडून! पाहुणे खो खो हसले. शेठ लालबुंद.

"आ कोणे कर्युं?"

आई चार हातांवर उभी. बोटं काजळाने माखलेली. माझ्याकडे बघून हसत होती. कौतुकच चाललंय, असं वाटलं असणार तिला. आणि माझ्या तोंडून निघालं, "कामवाळी छे, शेठ. अभण छे."

कामवाली आहे. अडाणी आहे. सख्ख्या आईला म्हणालो! जीभ झडली कशी नाही माझी!

शेठही हसले, विषय मिटला. मी ओल्या रुमालाने काजळ पुसलं. शिंगरू डोळे मिटून उभं राहिलं, जराही हललं नाही. त्याचा माझ्यावर तेवढा विश्वास! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

एवढंच बरं की आईला गुजराती कळत नाही. भाजी घ्यायची तरी मला पुढे करते. संध्याकाळी विचारलं तिने, "काय म्हनना तुना शेठ?"

म्हटलं, शिंगरू आवडलं त्यांना.

तिने बोटांवरचं उरलेलं काजळ पदराला पुसलं. मग हातावर तिळगूळ ठेवला. म्हणाली, "गोड बोल." गोड बोल म्हणे! तिळगूळ तसाच खिशात टाकला.

१७ जानेवारी

तबेला माझा झाला. शेठने पाठ थोपटली. तेव्हाच सांगायचं होतं — मी पाटील, आणि ती माझी आई. जमलं नाही.

उद्या नक्की.

१८ जानेवारी

आजही नाही. हात शिंगराच्या पाठीवर आणि मन भलतीकडे. त्याला कळतं, अंग आक्रसून घेतं.

१९ जानेवारी

आई गेली पांडेसऱ्याला.

निघताना शिंगराला भेटायला आली. शेठाणी तिथेच होत्या; उत्तरायणाला त्या आल्या नव्हत्या. शिंगरू तिच्या पदराला झोंबलेलं बघून त्यांनी हौसेने विचारलं, "माजी, तमे गजुभाईनां बा छो?" तुम्ही गजुभाईच्या आई का?

दोरी माझ्या हातात होती. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

त्याआधी आईच बोलली. न अडखळता, माझ्याहून साफ गुजरातीत.

"ना रे बेन. हुं तो कामवाळी छुं. अभण."