मृदावंशी आधी की गगनवंशी

३ नोव्हेंबर १९९७, मयूर विहार, दिल्ली
आज दिवसभर मराठीत एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी गॅलरीतल्या कबुतरांना 'जा की तिकडं' म्हटलं, तेवढंच.
नोएडाच्या ऑफिसात नव्या टीव्ही मालिकेचं काम माझ्याकडे आलंय. जग काल्पनिक, वंश तीन: गगनवंशी, जलवंशी, मृदावंशी. आधी कोण जन्मलं, कशातून, ते मी लिहायचं. मल्होत्रासर म्हणाले, "पूरा सीरियल इसी पर खड़ा है. सोच के लिखना." जमलं तर नोकरी पक्की. घरातली पहिली पदवीधर, आणि थेट जगच जन्माला घालतेय! हसू आलं. सांगायला कुणी नाही.

६ नोव्हें.
सरांचं आधीच ठरलंय. गगनवंशी सर्वांत आधी, प्रकाशातून. मृदावंशी शेवटी, गगनवंशींच्या पायाच्या मळातून, सेवेसाठी. मी म्हटलं, सर, कुणालाच असं जन्माला घालू नये. "अरे यार, कहानी है!" शेजारच्या टेबलावरची रश्मी मान खाली घालून टाइप करत राहिली. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून...
नको, ते लिहायला नको.

१० नोव्हें.
उलटं लिहिलं. माती आधी, म्हणून मृदावंशी थोरले. सर खूश! "बिल्कुल सही. सबसे पुराने, इसलिए जंगली. गगनवंशी नए, इसलिए सभ्य." थोरलेपण दिलं, तरी जागा तीच. डबा उघडलाच नाही.

१६ नोव्हें., रवि.
एसटीडी बूथवरून गावी शेजाऱ्यांकडे फोन केला, आप्पांना बोलावलं. हेळवी येऊन गेला म्हणे, बैलावर बसून, दरवर्षीसारखा. घरोघरची वंशावळ जगाच्या आरंभापासून म्हणून दाखवली, जोंधळे घेतले, गेला.
"कुणाचं घर आधीचं म्हणाला?"
"आपलं."
"आणि शेजाऱ्यांच्या दारात?"
"त्यांचं. ओट्यावर बसून ऐकलं की मी."
"राग नाही आला?"
"का गं? त्यांच्या दारात उभं राहून आमचं कौतुक करील व्हय तो?" हसले. मग, "जेवतेस न्हवं?" लाइन कटली.

१७ नोव्हें., ऑफिस
काल फोननंतर तीन कथा लिहिल्या. तिन्ही वंश आपापल्या पोरांना सांगतील तशा. प्रत्येकीत सांगणारा थोरला. सकाळी दिल्या. सरांनी उभ्या-उभ्या चाळल्या.
"इसमें सच कौन-सा है?"
"तीनों, सर. अपने-अपने घर में."
"मॅडम, मुझे एक चाहिए. आपसे नहीं होगा तो रश्मी लिख देगी."
म्हटलं, तिलाच द्या. मळातून जन्मलेले किंवा थोरले म्हणून जंगली, दोन्ही मी लिहिणार नाही. हिंदी चुकली असणार.
त्यांनी रश्मीला आत बोलावून कागद तिच्या हातात दिले. मला म्हणाले, बाहेर बैठिए. बसलेय. काचेपलीकडे ती वाचतेय, सर खिडकीशी फोनवर.
आत्ता ती हसली. कोणत्या पानावर, ते इथून दिसत नाही.