राघूच्या गळ्यातली शिट्टी

शनि., १३ जुलै १९९६
नाटकाच्या वर्गाला नऊच्या नऊ हजर. आज बसचा खेळ. खुर्च्यांची बस, राघू कंडक्टर. एकतीस वर्षांचा माणूस, बुद्धीने पोरच; आजवर इतरांनी बस म्हटलं की बसायचं, ऊठ म्हटलं की उठायचं. आज त्याचा हुकूम. गळ्यात शिट्टी पडली आणि मान ताठ. तमिळ कंडक्टरांसारखं "पोलाम रैट!", चला सुटा, म्हणून अशी फुंकली की सेल्वी खरंच पुढच्या खुर्चीवर आदळली.
शेवटी टीव्ही कंपनीचे साहेब आले. वर्गाला नवा टीव्ही देणार, म्हणून फोटोग्राफर. माझी धावपळ. फोटोत पदर नीट आला नसणार.

रवि., १४ जुलै
सकाळी अंबुजाक्का दारात. राघूची थोरली बहीण, त्याच्यापायी लग्न न केलेली. "सरसू, राघू घरांत नाही."
दुपारी पापनाशमच्या एस.टी.डी. बूथवरून फोन. राघूच्या खिशातल्या वर्गाच्या कार्डावर माझा नंबर. स्टँडवर कुणी येडा शिट्ट्या फुंकून गाड्या सोडतोय म्हणे. खऱ्या कंडक्टरने थोबाडीत दिलेली.
आणायला दोघी गेलो. परतीच्या बसमध्ये तो बसेना. सुजल्या गालाने उभाच, तिकिटं फाडल्यासारखी बोटं हलवत. शिट्टी गळ्यात, कुणाला हात लावू देईना. तिची लाल दोरी मीच ओवलेली.
अक्का म्हणाली, "कोठें सांपडली कीं त्याला."
मी खिडकीबाहेर बघत राहिले.

सोम., १५ जुलै
इथे तरी लिहिते. घरात सगळे तमिळच वाचतात, माझ्याशिवाय नागरी लिपी कुणाला येत नाही. माझ्या अप्पांनी लहानपणी शिकवली, तिचा हा उपयोग.
वर्गाचा एकच कडक नेम, तोही मीच घातलेला. खेळ संपला की सोंग घेतलेल्याने माझ्यासमोर यायचं. मी गळ्यातलं, डोक्यावरचं उतरवायचं आणि नावाने हाक मारायची. "आता तू सेल्वी." "आता तू राघू." खेळ संपला हे त्यांना तेव्हाच कळतं.
शनिवारी राघू मान पुढे करून उभा होता. मला दिसला होता. "थांब रे," म्हणाले आणि फोटोला गेले. मग चहा, मग साहेबांची गाडी. तो कंडक्टरच घरी गेला, आणि सकाळी ड्यूटीवर गेला. दुसरं काय करणार होता?
काल बसमध्येही शिट्टी उतरवता आली असती. पण अक्कासमोर उतरवली असती तर सगळं सांगावं लागलं असतं.

गुरु., १८ जुलै
वर्गाच्या समितीची बैठक. सगळ्यांनी अक्काला धारेवर धरलं. दार उघडं राहिलंच कसं? ती खाली मान घालून म्हणाली, "माझेंच चुकलें."
आणि मी, सरसू टीचर, काय बोलले? "अक्का, शाळेला जाताना बाहेरून कडी लावत जा." वर समजुतीचा सूर.
स्वतःची किळस आली. टीव्ही आलाय. खोक्यातच आहे.

मंगळ., २३ जुलै
सांगायचंच ठरवून अक्काकडे गेले. ती शाळेत, मुलींना शिवण शिकवायला गेलेली. दाराला बाहेरून कडी. आतून शिट्टी, मग "पोलाम रैट". मग कुणी चढायची वाट बघितल्यासारखी शांतता. पुन्हा शिट्टी.
कडीपर्यंत हात गेला. समोरची बाई बघत होती.
परत आले. भित्री मेली.

शुक्र., २६ जुलै
सांगितलं. अक्का कॉफी करत होती. साहेब, फोटो, "थांब रे", शिट्टी. काही लपवून ठेवलं नाही.
राघू आपणहून समोर येऊन उभा राहिला, वर्गातल्यासारखी मान पुढे करून. मी शिट्टी उतरवली. "आता तू राघू." त्याने गळा चाचपला, खाली बसला आणि कॉफी मागितली. तेरा दिवस ड्यूटीवर होता. कुणीतरी उतरवेल म्हणून.
अक्काने त्याला कॉफी दिली. मग हळूच म्हणाली, "आठ दिवस मी त्याला कडी लावून शाळेस गेलें, सरसू. तो आंतून हाका मारायचा. तें कोण उतरवेल?"
माफी मागितली. तिने माझा पेला उचलून नेला. अर्धी कॉफी तशीच होती.

शनि., २७ जुलै
समितीला चिठ्ठी लिहून दिली. वर्ग माझ्याकडे राहतो की नाही, सोमवारी बघतील.
आज आठजण. खुर्च्या नऊ मांडल्या. सेल्वी विचारत राहिली, "कंडक्टर एंगे, टीचर?" कुठे म्हणून सांगू? म्हटलं, कंडक्टर नाही, राघू. राघू घरी आहे.
वर्ग सुटल्यावर अक्काच्या गल्लीतून आले. दाराची बाहेरची कडी मोकळी लोंबत होती. दार आतून लावलेलं.
हाक मारली. आत कुणीतरी दारापर्यंत आलं आणि कडी न काढता उभं राहिलं. मीही उभी राहिले.