दुसरी तार

दादा,

बाबा आणि सुतारकाकांच्या ब्लूजच्या टेपमधला तो तुकडा मी कापणार नाही. तू फोनवर म्हणालास, "बाबांची तार तुटते ते लोकांना कशाला ऐकवायचं? उगाच शोभा होईल." होऊ दे.

त्या दुपारी तू नव्हतास. काकांच्या कारखान्यात टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन मी बसले होते. दोन गिटारींची चांगलीच जुंपली होती. काका डिवचत होते, बाबा हटत नव्हते, आणि ऐन रंगात बाबांची तार तुटली. ते थांबले. मग टेपवर तसाच आवाज पुन्हा येतो. तुला वाटतं, काकांचीही तुटली. तुटली नाही, दादा. त्यांनी पक्कड उचलली, आपल्या गिटारीची तीच तार तोडली आणि बाबांना मानेनंच खुणावलं, चल. पुढची अकरा मिनिटं दोघं पाच-पाच तारांवर वाजवत होते. तसं वाजवणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

हे पत्र काही मी पोस्टात टाकणार नाही, तू त्यावरही वाद घालशील. टेप मात्र अख्खी पाठवतेय, सोबत काकांची ती पक्कडही. ती कशाला, हे विचारायला तरी घरी ये.

तुझी हट्टी बहीण