दुसरं गिऱ्हाईक

कळंब, मंगळवार, १९ नोव्हेंबर १९९६

आज पुण्याच्या प्रकाशकांचा फोन आला आणि मी नेमकी गिरणीत दळण घालत होते. घरी फोन नाही म्हणून हस्तलिखितासोबतच्या पत्रात शांतीशेठच्या किराणा दुकानाचा नंबर दिला होता. शेठ निरोप घेतील, एवढीच अपेक्षा. त्यांनी चक्क बोलणी केली!

"ताई, ते म्हणलं, वाचून व्हायला अजून दोन महिने लागतील. मी म्हणलं, साहेब, जरा लवकर बघा, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं हाय."

कुठलं दुसरं गिऱ्हाईक? एका वेळी दोघांकडे पाठवायचं नसतं, एवढं मलाही कळतं. पत्रात मीच स्वतःच्या हातानं लिहिलंय, 'हे लेखन इतरत्र कुठेही दिलेले नाही.' आता खोटारडी ठरले ना मी? चार वर्षांची कादंबरी, आणि एका वाक्यात...

की खरंच लवकर वाचतील? शी! असला विचार मनात येतोच कसा?

शेठवर ओरडणार होते. पण लेकीचं लग्न जमवून आल्यासारखा त्यांचा चेहरा. "साहेबांचा सूरच बदलला. म्हणलं, बाईंना उद्या सकाळी दुकानात बोलवा, मी फोन करतो. बघा, लई गरज हाय त्यांना!"

उद्या स्पष्ट सांगायचं, दुसरं गिऱ्हाईक नाही. कधीच नव्हतं.

पण फोन गल्ल्याशेजारी आहे. आणि शेठ तिथंच बसलेले असणार, मी भाव किती चढवते ते ऐकायला.