उन्हात ठेवलेल्या रेकॉर्डी

बाबा, काल सूनबाईने मोबाईलवर तुमची ती इंग्रजी गाणी लावली. मी मेथी निवडत होते. ती म्हणाली, "आई, साठ साल झाले, पण हे बँडवाले अजून ताजे वाटतात ना?" मी म्हटलं, "सगळे नाही." ती हसली. हिला काय कळतंय, असं वाटलं असेल तिला. पण गोविंदपुऱ्यातल्या आपल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये मी ती पाच वर्षं ऐकली आहेत, पोळ्या लाटताना, नको असताना. नुसता आरडाओरडा करणारे आता थकलेले वाटतात. त्यांची गिटार हट्टी पोरासारखी किरकिरते. पण तिघं-चौघं एकमेकांचा आवाज सांभाळत गातात ती गाणी मात्र जशीच्या तशी आहेत, जुन्या भजनासारखी. शब्द मला मॅट्रिकच्या इंग्रजीवर तेव्हाही कळले नाहीत, आजही नाहीत.

कारखान्यातले विलायती साहेब मायदेशी परतताना या गाण्यांच्या रेकॉर्डी तुम्हाला देऊन गेले होते. आई गेल्यानंतर तुम्ही ड्यूटीवरून आलात की चहाच्या आधी एक लावायचात. माझी सांजवात नेमकी तेव्हाच. "बाबा, देवापुढे हा गोंगाट कशाला?" मी म्हणायचे. "देवालाही तुझं रोजचं तेच तेच ऐकून कंटाळा येत असेल गं," तुम्ही म्हणायचात, आणि आवाज मात्र कमी करायचात.

एका पावसाळ्यात रेकॉर्डींवर बुरशी चढली. पाऊस उघडल्यावर मी साबणाच्या उरलेल्या चुऱ्याने त्या धुतल्या आणि अंगणात गव्हाशेजारी चादरीवर वाळत घातल्या. संध्याकाळी तुम्ही त्यातली एक उचलून लावलीत. सुई वरखाली होत राहिली, गाणारे गटांगळ्या खाऊ लागले. मला वाटलं, आता बोलणार. "ऊन कडक होतं आज," एवढंच म्हणालात आणि रेकॉर्डच्या मशीनवर कापड टाकलंत. ते पुन्हा काढलं नाहीत. दीड वर्षाने तुम्ही गेलात. तेवढे दिवस घर मला हवं होतं तसं शांत होतं, आणि तुम्ही खुर्चीत नुसते बसून असायचात.

हे पत्र टाकणार कुठे. पण एक सांगायचं राहिलंय. उन्हात रेकॉर्डी वाकतात हे मला ठाऊक नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत आले. त्या दुपारी पोथी वाचताना खिडकीतून मला त्यांच्या कडा वर उचललेल्या दिसल्या होत्या. अध्याय अर्धा सोडू नये म्हणून मी उठले नाही. मग तो अध्याय संपला, आणि मी पुढचा वाचायला घेतला.