वाऱ्याची सरासरी

मंगळवार, १२ ऑक्टोबर २०२१, दोहा

पुढच्या वर्षीच्या फुटबॉल वर्ल्ड कपला हॉटेल म्हणून धक्क्याला लागणाऱ्या जहाजांच्या दोरांचा अहवाल आज विद्यापीठातून बंदराला जायचा होता. दुपारी माझीच चूक सापडली. मी वाऱ्याची तासाची सरासरी धरली, मधले अचानक येणारे जोरदार झोत धरलेच नाहीत.

आमचे विभागप्रमुख कुलकर्णी सर म्हणाले, "अगं, सही कर नि रत्नागिरीला जा. वडिलांचं तेरावं पुन्हा येणार नाही."

बाबा टगवर, मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, कामाला होते. त्यांच्यासमोर दोर तुटून एका खलाशाचा पाय गेला. तो दोर सरासरीने तुटला होता का?

"झोत घालून पुन्हा गणित करते, सर. रविवार उजाडेल."

"आणि परवाचं तेरावं?"

"दादा करेल."

दादाला फोन केला; तो फक्त "बरं" म्हणाला. चुकले का मी? नाही. झोत धरल्याशिवाय सही नाही.

तिकीट रद्द केलं. एकटीपुरता वरणभाताचा कुकर लावला.