साखर वाट्या चार

९ डिसेंबर
हिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये. बाथरूममध्ये पाय घसरला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर पीठ मळायचं नाव काढू नका. लगेच मुलीचा फोन. यंदा नाताळची बिस्किटं बेकरीतून आणू, नाहीतर सरळ हॉटेलात जेवू. ही नुसती ओट्याकडे बघत बसली. मुलं लहान होती तेव्हापासून एक वर्ष खाडा नाही. मी जाहीर केलं, बिस्किटं मी करणार, नाताळ घरीच होणार. ही म्हणाली, "तुम्ही?" एका शब्दात केवढा विश्वास!

१० डिसेंबर
कृती तोंडपाठ. लग्नानंतर मीच ती पद्यात बसवली होती. शाळेतल्यासारखं चालीवर म्हटलेलं माणूस जन्मात विसरत नाही.
लोणी घ्यावे मऊ मऊसे, साखर वाट्या चार
चाळुन मैदा त्यात मिसळा, हळूच अलवार
दुसऱ्या ओळीत मात्रा कमी पडतात. त्या भरून काढतो, मग मैदा आणतो.

१४ डिसेंबर
मात्रा जमल्या. मैदा राहिला.

१७ डिसेंबर
पहिला ट्रे. बिस्किटं वितळून एकमेकांच्या गळ्यात पडली. ट्रेभर एकच बिस्कीट, पौर्णिमेच्या चंद्रासारखं. काढताना सुरी वाकली. ओव्हन जुना झालाय.
ही खुर्चीवरून म्हणाली, "अहो, साखर दोनच वाट्या."
म्हटलं, मग 'अलवार'शी यमक कसं जुळणार?
"मी इतकी वर्षं दोनच घालत आले, ते बरं जुळलं!"
हिला छंदाचं अंग नाही.

१८ डिसेंबर
तडजोड. तीन वाट्या. यमकही गेलं, बिस्कीटही गेलं.

२१ डिसेंबर, सकाळ
आज नक्की. ओव्हन लावून खिडकीशी उभा राहिलो. बाहेर काय धुकं! गुरुजींनी शिकवलेली धुक्याची कविता आठवली. एकेक कडवं आपोआप ओठांवर. मध्येच करपल्याचा वास. या शेजाऱ्यांना स्वयंपाकात जरा म्हणून लक्ष देता येत नाही.

त्याच दिवशी, जरा नंतर
शेजारीण दार वाजवून गेली. "आजोबा, तुमच्या खिडकीतून धूर येतोय."
लोणी संपलं. मैदा संपला. उमेद शिल्लक.

२३ डिसेंबर
ही बराच वेळ फोनवर मुलीशी कुजबुजत होती. हॉटेल रद्द! उद्या सकाळपासूनच सगळे घरी येतायत. म्हणजे माझ्या निश्चयाची बातमी पोचली.

२४ डिसेंबर
मुलगी आणि जावई पिशव्या घेऊन थेट स्वयंपाकघरात. मी अ‍ॅप्रन बांधतोय तोच मुलाने मला बाहेरच्या खोलीत नेलं. "बाबा, ती धुक्याची म्हणा ना, फार दिवस झाले ऐकून." म्हटली. "अजून एक." तीही म्हटली. मी उठलो रे उठलो की त्याला नवी कविता आठवे. रसिक पोरगा! दुपारी आत जाऊन बघतो तर डबे भरलेले. खुसखुशीत, दालचिनीचा घमघमाट. हिने स्टुलावर बसून डाव्या हाताच्या इशाऱ्यावर सगळ्यांना नाचवलं म्हणे. असो. प्रेरणा माझीच.

२५ डिसेंबर
भरलेलं टेबल. हिचा चेहरा बघण्यासारखा. जावयांनी चहा पिता पिता सहज विचारलं, "लहानपणी बाबांची ड्यूटी कुणाकडे असायची?"
मुलगा म्हणाला, "मळताना माझ्याकडे, भाजताना ताईकडे."
दोघं हसून हसून लोळायची बाकी. मी आपला समजत होतो की दर नाताळला मुलं हट्टाने माझ्या कविता ऐकायला बसतात.
ही म्हणाली, "अहो, नाहीतर बिस्किटं झाली असती का कधी?"
माझा चहा गार झाला.
मग जावयांनी पुढच्या वर्षीची ड्यूटी आपणहून मागून घेतली. मला भरून आलं. घरात एक तरी खरा रसिक निघाला.
कप विसळताना हिला तसं बोलून दाखवलं.
"काल पीठ मळून त्यांचा खांदा धरलाय," ही म्हणाली.